मुखवट्याला रंग लावण्याआधी

पोरा, गावाने बोहाड्याचे, म्हणजे रात्री सोंगं नाचवायच्या आपल्या उत्सवाचे, मुखवटे तुझ्या हाती दिलेत, तर पहिली गोष्ट ऐक: रंगाचा डबा उघडू नको. जव्हार-मोखाड्यात जुनं सोंग खराब होतं ते बहुतेक वेळा वाळवीने नाही, घाईने. होळी तोंडावर आली की कोणीतरी तालुक्याहून ऑइल पेंट आणतो आणि एका दुपारी गणपतीपासून महिषासुरापर्यंत सगळे चकचकीत करून टाकतो. लांबून बरं दिसतं. पण आतला कागद कुजलेलाच राहतो, आणि दोन पावसाळ्यांत नवा रंग जुन्याला घेऊन पापुद्र्याने सुटतो.

काम काढायचं ते मार्गशीर्षात. तेव्हा हवा कोरडी असते, ऊन सौम्य असतं आणि हाताशी वेळ असतो. मुखवटे माळ्यावरून उतरव आणि पहिल्या दिवशी नुसते बघ. समोरून बघ, पाठीमागून बघ, आतून तर नक्की बघ. मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेव. बोटाच्या पेराने हलकेच वाजव. जिथे टणक आवाज येतो तिथे कवटी शाबूत आहे. जिथे भदभद वाजतं तिथे कागदाचे थर एकमेकांपासून सुटलेत. तिथे खडूने बारीक खूण कर, पण आतल्या बाजूने. कोणतं सोंग कोणत्या घराच्या मानाचं, हेही वहीत लिही. रावणाच्या मिशीचा आकडा किंवा त्राटिकेच्या जिभेचा रंग बदलायचा तर त्या घराला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. वर्षानुवर्षं लोकांनी तो चेहरा ओळखला आहे.

पुसताना पाणी नको. आपले बरेचसे मुखवटे कागदाच्या लगद्याचे, त्यांना पाणी लागलं की ते फुगतात. मऊ ब्रशने धूळ खाली झाड. काजळी चिकट झाली असेल तर कापसाचा बोळा ओला करून घट्ट पिळ आणि आधी कानामागे लावून बघ. बोळ्याला रंग आला तर तिथेच थांब. रॉकेल, थिनर, धुण्याचा सोडा यातलं काही जवळ आणू नको. लाकडी मुखवटा असेल तर त्याखाली काळं फडकं पसरून काही दिवस ठेव. फडक्यावर ताजा पिवळसर भुगा पडला की आत कीड जिवंत आहे असं समज आणि तो मुखवटा बाकीच्यांपासून दूर, दुसऱ्या घरात ठेव. कडुनिंबाच्या पाल्याने लाकडाच्या आतली अळी मरत नाही. मुखवटा फार जुना असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जतनाचं काम करणारी माणसं आहेत, त्यांना विचार. विचारण्यात कमीपणा नाही.

आता भराव. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे दोन-तीन दिवस भिजव, कुट, पिळून काढ. त्यात भिजवून वाटलेली मेथी घाल आणि चिंचोक्याची खळ घाल. आपल्या आज्या टोपल्या लिंपायच्या तोच हा लगदा. मेथी कडू असल्यामुळे कसर लवकर लागत नाही. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून, वाटून शिजवले की खळ होते. लगद्याचा थर पातळ द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि मग दुसरा. जाड थर वरून वाळलेला दिसतो, आत ओला राहतो, मग तडकतो नाहीतर बुरशी धरतो. आतून जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या खळीने चिकटव. पट्ट्या कापायच्या नाहीत, फाडायच्या, म्हणजे कडा पातळ होऊन बसतात. गणपतीची सोंड फार वेळा मोडते. तिच्यात बांबूची बारीक कांब घाल आणि मग वरून कागद चढव.

प्लास्टर ऑफ पॅरिस, सिमेंट, एम-सील वापरू नको. ते दगडासारखे घट्ट होतात आणि शेजारचा मऊ कागद फाडतात. फेव्हिकॉलचं पोरं सांगतात; तो धरतो खरं, पण उद्या कोणाला ती दुरुस्ती सोडवायची झाली तर कागदासकट निघतो. खळ ओलावली की सुटते. तुझ्यानंतर दुसरा कोणी हे काम करणार आहे, त्याच्यासाठी वाट ठेव. आणि वजनाचा विचार कर. दहा तोंडांचा रावण घेऊन माणूस संबळाच्या तालावर नाचतो. दर वर्षीचा भराव आणि रंग शेवटी त्याच्या मानेवर येतो.

रंगाकडे मग ये. जुन्या मुखवट्यावर खाली गेरू, चुना, काजळी असते. त्यावर डब्यातल्या रंगाचे थर. ते खरवडायचे नाहीत. एक तर खालचा हात कायमचा जातो. दुसरं, जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात ते 90 पीपीएमच्या वर नको असा नियम 2016 सालचा, लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ घरातल्या लेकरांच्या पोटात जाते.   सुटलेल्या पापुद्र्याखाली बारीक ब्रशने पातळ खळ सोड, वर बटर पेपर ठेवून बोटाने दाब. नवा रंग फक्त उडालेल्या जागी. आधी कागदावर लावून वाळव आणि मग छटा जुळते का बघ, कारण वाळल्यावर ती बदलते.

छटा दिवसा ठरवू नको. ही सोंगं रात्रीची आहेत. टेंभ्याच्या, नंतर पेट्रोमॅक्सच्या उजेडात दिसावीत म्हणून जुन्या माणसांनी डोळ्याचा पांढरा एवढा मोठा आणि त्याची काळी कड एवढी जाड ठेवली. आता हॅलोजन लागतो, त्यात चकचकीत रंग आरशासारखा उजेड फेकतो आणि चेहराच दिसत नाही. म्हणून चमक कमी असलेला रंग घे, रात्री मुखवटा अंगणाच्या त्या टोकाला धरायला सांग आणि इकडून बघ. डोळे सगळ्यात शेवटी, एका बैठकीत, हात स्थिर असताना.

बोहाडा झाला की मुखवटा घामाने आतून ओला असतो. लगेच गोणीत कोंबू नको. रात्रभर वाऱ्याला टांग, कपाळाला बांधायचं फडकं वेगळं धुऊन टाक. पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर धूर लागायचा, कीड येत नसे. आता घरोघर गॅस आणि स्लॅब आला, धूर गेला. म्हणून बांबूच्या टोपलीत सुती कापडात गुंडाळून, तोंड वर करून, भिंतीपासून लांब ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी हमखास धरते. श्रावणात आणि भादव्यात उघडीप मिळाली की एकदा काढून बघ.

ज्याची कवटीच गेली तो मुखवटा ओढूनताणून नाचवू नको. रामखिंडीत आजही मुखवटे घडवतात, तिथे नवा करून घे. जुना त्यांना नमुना म्हणून दाखव आणि परत आण. तो पाण्यात सोडू नको, पाहुण्याला विकू नको. गावातच ठेव.