साथरोगाचा काळ आणि मालकाची कायदेशीर जबाबदारी

साथीचा रोग आला म्हणजे पहिली चिंता माणसांच्या जिवाची असते. पण पाठोपाठ आणखी एक प्रश्न उभा राहतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार, सांगलीच्या पेठेतील हळदीचा व्यापारी, महाबळेश्वर-पाचगणीचा हॉटेलमालक, कराडच्या मंगल कार्यालयाचा चालक आणि विलगीकरणासाठी शाळेची इमारत खुली करणारी ग्रामपंचायत या सर्वांना तो सारखाच सतावतो. माझ्या आवारात कोणास रोगाची लागण झाली, तर त्याची कायदेशीर जबाबदारी माझ्यावर येईल काय? कायद्याचे संरक्षण कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्लेगच्या काळातील कायदा

या विषयातील आपला मूळ कायदा प्लेगच्या साथीतून जन्मास आला. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले असता, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अमलात आला. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, तो याच साथीत.

हा अधिनियम अगदी आटोपशीर होता. कलम २ अन्वये शासनास तात्पुरती विनियमने करण्याचा अधिकार मिळाला, कलम ३ अन्वये ती मोडणाऱ्यास शिक्षा ठरली, आणि या अधिनियमाखाली सद्भावनेने केलेल्या किंवा करण्याचे योजलेल्या कृत्याबद्दल कोणाही व्यक्तीविरुद्ध दावा अथवा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही, असे कलम ४ ने सांगितले.

या कलम ४ चा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. हे संरक्षण अधिनियमाखालील कृत्यांना आहे. धंदा चालविणाऱ्यास केवळ साथीचा काळ आहे म्हणून ते आपोआप लाभत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ७३ याच धर्तीचे आहे. त्याचे कवच शासन, प्राधिकरणे, स्थानिक संस्था, त्यांचे अधिकारी-कर्मचारी आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्या व्यक्ती यांच्यापुरते आहे, आणि तेही सद्भावनेने केलेल्या कामापुरते. फौजदारी कायद्यात तर योग्य काळजी व लक्ष यांवाचून केलेले कृत्य सद्भावनेचे मानले जात नाही. हेतू चांगला होता, एवढे म्हणणे तेथे पुरत नाही.

आदेश आणि उत्साह

राज्य शासनाने १४ मार्च २०२० रोजी कोविड-१९ संबंधीची विनियमने प्रसिद्ध केली. वाळवा तालुक्यातील तेव्हाच्या इस्लामपूर शहरात २३ मार्च रोजी पहिले रुग्ण आढळले आणि थोड्याच दिवसांत त्यांची संख्या वीसच्या पुढे गेली. प्रशासनाने रुग्णांच्या निवासाचा परिसर बंद करून संपर्कातील व्यक्तींचा शोध घेतला. परिसर बंद करण्याची ही कारवाई सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने झाली असल्यामुळे ती कायद्याच्या संरक्षणात बसते.

त्याच सुमारास राज्यातील अनेक गावांनी काटेरी फांद्या टाकून, काही ठिकाणी चर खणून, गावाचे रस्ते अडविले. गाव वाचवावे ही भावना खरी होती. परंतु अशा अडविलेल्या रस्त्यामुळे एखाद्या गरोदर स्त्रीस वेळेवर रुग्णालयात नेता आले नाही, तर रस्ता अडविणाऱ्यांना कलम ४ चा आधार कसा मिळणार? त्यांच्या कृत्यामागे कोणताही आदेश नव्हता. पंचायत सदस्यांनी हा फरक मनावर बिंबवून घेणे अगत्याचे आहे.

कारखानदारांची धास्ती आणि तिचे निरसन

टाळेबंदी थोडी शिथिल करून काही उद्योग सुरू करण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने १५ एप्रिल २०२० रोजी दिली, तेव्हा एक वेगळीच धास्ती पसरली. कारखान्यात एक जरी कामगार बाधित आढळला, तरी मुख्य अधिकाऱ्यास तुरुंगात जावे लागेल आणि कारखाना तीन महिने मोहोरबंद होईल, असे बोलले जाऊ लागले. परवानगी मिळूनही कारखाने उघडण्यास मालक कचरू लागले, तर कामगारांची चूल कशी पेटणार, असा हा पेच होता.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २३ एप्रिल २०२० रोजी राज्यांच्या मुख्य सचिवांना पत्र लिहून त्याचा खुलासा केला. अशी कोणतीही तरतूद मार्गदर्शक तत्त्वांत नाही. मालकाची संमती, त्याला असलेली माहिती अथवा त्याचा निष्काळजीपणा यांमुळे उल्लंघन घडले असेल, तरच दंडात्मक तरतुदी लागू होतील. मालकाच्या जबाबदारीचे मर्म या खुलाशात आले आहे. रोग झाला हा गुन्हा नाही. काळजी न घेणे हा गुन्हा होऊ शकतो.

योग्य दक्षता

हेच तत्त्व कायद्याच्या इतर कलमांतही दिसते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ५१ अन्वये आदेश मानण्यास वाजवी कारणावाचून नकार देणाऱ्यास एक वर्षापर्यंत, आणि त्यातून जीवितहानी अथवा तिचा तात्काळ धोका उद्भवल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. अपराध कंपनीकडून घडल्यास कलम ५८ प्रमाणे तिचा कारभार पाहणारी व्यक्तीही दोषी मानली जाते. मात्र, अपराध आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व योग्य दक्षता घेतली होती, असे तिने सिद्ध केले तर ती सुटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ मध्येही जीवितास घातक रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेले निष्काळजी कृत्य अपराध ठरविले आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आली.

ग्राहकाच्या वर्तनाचा भारही काही अंशी मालकावर येतो. राज्य शासनाच्या २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात नियम मोडणाऱ्या व्यक्तीस ५०० रुपये दंड होता. परंतु ती व्यक्ती ज्या आस्थापनेच्या आवारात असेल, त्या आस्थापनेस १०,००० रुपये, आणि आस्थापनेनेच नियम मोडल्यास ५०,००० रुपये दंड होता. एप्रिल २०२१ मध्ये विवाह समारंभास २५ माणसांची व दोन तासांची मर्यादा घातली गेली, तेव्हा उल्लंघन झालेले कार्यालय आपत्तीची अधिसूचना अमलात असेपर्यंत बंद ठेवण्याची तरतूद होती. सातारा व सांगलीच्या व्यापाऱ्यांनी हा काळ इतरांपेक्षा अधिक सोसला. २ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने बऱ्याच जिल्ह्यांना सवलती मिळाल्या, तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांत निर्बंध कायम राहिले त्यांत हे दोन्ही जिल्हे होते.

दिवाणी दाव्याचे स्वरूप निराळे आहे. नुकसानभरपाई मागणाऱ्यास मालकाने कर्तव्यात कसूर केली आणि लागण त्याच कसुरीमुळे झाली, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. बाजार, प्रवास आणि घर अशा अनेक ठिकाणी संपर्क आलेल्या माणसास हे सिद्ध करणे कठीण जाते. परंतु कठीण म्हणजे अशक्य नव्हे. शिवाय, साथीचे निमित्त इतर कर्तव्यांतून सुटका देत नाही. एप्रिल २०२१ मध्ये विरार येथील कोविड रुग्णालयात आग लागून अतिदक्षता विभागातील रुग्ण दगावले. आगीपासून संरक्षणाची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर टाकणारा महाराष्ट्राचा २००६ चा अधिनियम त्या काळातही तितकाच बंधनकारक होता.

इमारतीचा ताबा आणि भरपाई

साथीच्या वेळी शासनास वसतिगृहे, कार्यालये, हॉटेले ताब्यात घ्यावी लागतात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचे कलम ६५ हा अधिकार देते, तर कलम ६६ मालकास भरपाई देते. ती ठरविताना त्या भागातील भाड्याचा विचार करावयाचा असतो, आणि रक्कम मान्य नसल्यास ३० दिवसांत अर्ज करून लवादाची मागणी करता येते. म्हणून ताबा देताना लेखी आदेशाची प्रत, ताब्याची तारीख व सामानाची यादी मालकाने जपून ठेवावी. दवाखाना अथवा विलगीकरण केंद्र यांची मोडतोड करणाऱ्यांकडून बाजारभावाच्या दुप्पट भरपाई घेण्याची तरतूद साथरोग अधिनियमात २०२० च्या दुरुस्तीने आली आहे.

भाडे आणि करार

दुकान बंद होते, मग भाडे का द्यावे, हा प्रश्न गावोगाव निघाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२० रोजी एका दुकानाच्या प्रकरणात, केवळ टाळेबंदीमुळे भाडे स्थगित होत नाही, असा निर्णय दिला. करारात तशी अट असेल तर मात्र तिच्याप्रमाणे पाहावे लागते. मंगल कार्यालयाच्या अनामतीचे तसे नाही. ठरल्या दिवशी समारंभच बेकायदा ठरला, तर करार अधिनियमाचे कलम ५६ करार निरर्थक ठरविते आणि कलम ६५ घेतलेला लाभ परत करण्यास सांगते. समारंभास परवानगी आहे पण माणसांची मर्यादा आहे, अशा वेळी मात्र उभयतांनी समजुतीने मार्ग काढणे श्रेयस्कर.

अन्य देशांतील मार्ग

अमेरिकेतील काही राज्यांनी दुसरा मार्ग धरला. यूटा राज्याने २०२० च्या मे महिन्यात आणि जॉर्जियाने त्याच वर्षी पुढे कायदे करून, आवारात झालेल्या लागणीबद्दलच्या दाव्यांपासून व्यवसायांना संरक्षण दिले. परंतु जाणूनबुजून केलेले गैरकृत्य तेथेही या संरक्षणातून वगळले आहे. भारताने व्यवसायांसाठी असा सरसकट कायदा केला नाही. आपल्याकडे मालकाचे संरक्षण त्याने घेतलेल्या दक्षतेवर अवलंबून आहे.

पूर्वतयारी

महाराष्ट्रातील कोविडचे निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्यास, उठले. साथ ओसरली तरी तिने दिलेला धडा विसरता कामा नये. मालकाने शासनाचे आदेश तारीखवार फाइलमध्ये लावावेत. निर्जंतुकीकरण, तपासणी व कामगारांच्या रजा यांची नोंदवही ठेवावी. उद्या न्यायालयात दक्षतेचा पुरावा म्हणून हीच वही उपयोगी पडेल. ग्रामपंचायतीने कोणतेही बंधन घालण्यापूर्वी तहसीलदार अथवा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा लेखी आदेश पाहावा. शिक्षकांनी शाळेची इमारत देताना व परत घेताना पंचनामा करवून घ्यावा. अधिकाऱ्यांनी आदेश सोप्या मराठीत आणि वेळेवर लोकांपर्यंत पोहोचवावेत; कारण जो आदेश समजलाच नाही, तो पाळला जाण्याची अपेक्षा धरता येत नाही.

सद्भावनेस दक्षतेची जोड आणि दक्षतेस लेखी नोंदीची जोड दिली, तर कायद्याचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही, आणि कामगार व ग्राहक यांचे रक्षणही त्यातूनच साधते.