पहिली आज्ञावली

मोबाइलवर चालणारे ॲप स्वतः तयार करावे अशी इच्छा धरणाऱ्या नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : कोणती भाषा शिकावी? या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते फारसे अवघडही नाही. परंतु पुष्कळ विद्यार्थी या प्रश्नापाशीच इतके रेंगाळतात की एकही आज्ञावली पूर्ण न करता ते तीन-तीन भाषांच्या आरंभीच्या धड्यांवरून फिरून येतात. म्हणून या प्रश्नाचा निकाल आधी थोडक्यात लावावा आणि मग खऱ्या विषयाकडे वळावे, हे बरे.

आपल्या देशातील बहुसंख्य मोबाइल अँड्रॉइड या प्रणालीवर चालतात. या प्रणालीचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला, त्या वेळी तिच्यासाठी ॲप लिहावयाची भाषा होती जावा. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा आजही जगभर वापरात आहे. पुढे जेटब्रेन्स या कंपनीने कॉटलिन ही भाषा घडविली. २०११ मध्ये ती जाहीर झाली. सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटाचे नाव तिला दिलेले आहे. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तिला अग्रस्थान दिले. ॲपलच्या फोनसाठी स्विफ्ट ही २०१४ मध्ये आलेली भाषा वापरतात. मात्र त्या ॲपची अखेरची बांधणी करण्यासाठी ॲपलचाच संगणक लागतो, आणि तो सर्वांच्या आवाक्यातला नसतो. तेव्हा ज्याच्या हातात अँड्रॉइड फोन आहे त्याने कॉटलिन निवडावी आणि निदान सहा महिने दुसऱ्या भाषेकडे पाहू नये. चांगला संगणक नसला तरी अडत नाही. कॉटलिन प्लेग्राउंड या विनामूल्य संकेतस्थळावर लहान आज्ञावल्या लिहून तेथेच चालवून पाहता येतात.

आता खऱ्या विषयाकडे वळू. मराठी किंवा पंजाबी शिकणे आणि कॉटलिन शिकणे या दोहोंसाठी आपण 'भाषा' हा एकच शब्द वापरतो, आणि त्यामुळे मोठा गैरसमज होतो. मानवी भाषेत शब्दसंग्रह अफाट असतो आणि ऐकणारा समजूतदार असतो. अर्धे वाक्य बोलले तरी तो उरलेले स्वतःच्या मनाने पुरे करतो. संगणकाच्या भाषेत राखीव शब्द जेमतेम काही डझन असतात. ऐकणारा मात्र कमालीचा शब्दनिष्ठ असतो. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास हा फरक विशेष जाणवतो, कारण त्याचे निम्मे काम मूळ लेखकाने न सांगितलेले ओळखण्याचे असते. येथे न सांगितलेले कोणीही ओळखणार नाही. म्हणून नवशिक्याची खरी मेहनत शब्द पाठ करण्यात नसून, जे सांगावयाचे आहे ते शेवटच्या कण्यापर्यंत स्वतःला स्पष्ट करून घेण्यात आहे. हे एका उदाहरणाने दाखविणे सोपे जाईल. त्यासाठी आपण चंदीगडला जाऊ.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यावर भारतातील पंजाबसाठी नवी राजधानी बांधणे भाग पडले. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने आपल्या सहकाऱ्यांसह या शहराचा आराखडा तयार केला आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्‌घाटन केले. शहराचे आयताकृती विभाग पाडलेले आहेत. प्रत्येक विभाग सुमारे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब असून त्याला सेक्टर म्हणतात. सेक्टरांना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. पाहुण्यास प्रथम हे रुक्ष वाटते. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्याला याहून सोयीचे शहर सापडणे कठीण.

क्रमांक कसे दिले आहेत ते पाहा. शिवालिकच्या डोंगरांकडील पहिल्या ओळीत क्रमांक चढत जातात आणि ६ पाशी संपतात. दुसरी ओळ ६ च्या खालीच ७ ने सुरू होते आणि उलट दिशेने १२ पर्यंत जाते. तिसरी ओळ पुन्हा वळून १४ ते १९, चौथी परत फिरून २० ते २५. नांगरणारा शेतकरी तासाच्या टोकाशी बैल वळवून शेजारचे तास उलट दिशेने धरतो, तशी ही रचना आहे. तिच्यातून एक गमतीचा नियम निघतो. रस्त्यापलीकडे समोरासमोर असलेल्या दोन सेक्टरांची बेरीज पहिल्या व दुसऱ्या ओळीत १३ येते : ४ आणि ९, ३ आणि १०. दुसऱ्या व तिसऱ्या ओळीत ती २६ येते : ९ आणि १७, किंवा रुग्णालयाचा सेक्टर १२ आणि विद्यापीठाचा सेक्टर १४. तिसऱ्या व चौथ्या ओळीत ३९ : १७ आणि २२. क्रमांक देताना १३ गाळला नसता, तर तिसरी ओळ १३ पासून सुरू होऊन ही बेरीज २५ आणि ३७ अशी आली असती. पाश्चात्त्यांच्या शुभाशुभाच्या समजुतीमुळे तो गाळला असे सांगितले जाते. अशुभ म्हणून वगळलेला आकडा बेरजेच्या वाटेने असा परत आला!

आता आपले पहिले ॲप काय करील ते ठरवू. वापरणारा सेक्टरचा क्रमांक देईल आणि डोंगराकडे पाठ करून उभे राहिल्यास रस्त्यापलीकडे समोर कोणता सेक्टर येतो ते ॲप सांगेल. प्रथम हे मराठीतच लिहावे :

क्रमांक २ ते ६ असेल, तर १३ वजा क्रमांक.
क्रमांक ७ ते १२ असेल, तर २६ वजा क्रमांक.
क्रमांक १४ ते १९ असेल, तर ३९ वजा क्रमांक.
यांपैकी काहीच नसेल, तर उत्तर नाही.

आज्ञावलीचा गाभा एवढाच. कॉटलिनमध्ये (ती रोमन लिपीत लिहावी लागते, येथे केवळ उच्चार देत आहोत) या सर्व ओळी 'व्हेन' या एका शब्दाच्या कंसात बसतात. '२ ते ६' यासाठी 'इन' हा शब्द आणि दोन आकड्यांमध्ये दोन टिंबे लिहितात. अशा वेळी दोन्ही टोकांचे आकडे धरले जातात, हे ध्यानात ठेवावे. पायथनमधील 'रेंज' शेवटचा आकडा धरत नाही, आणि तिकडून आलेला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. शेवटच्या ओळीसाठी 'एल्स', आणि 'उत्तर नाही' यासाठी 'नल'. संपूर्ण कृतीला नाव द्यावयाचे ते 'फन' या शब्दानंतर. हा 'फंक्शन'चा संक्षेप आहे; मौजेशी त्याचा संबंध नाही, असे निदान पहिल्या आठवड्यात तरी वाटते. कृतीचे उत्तर पूर्णांक आहे हे 'इंट' या शब्दाने सांगतात आणि ते कदाचित नसेलही, हे त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून. हे प्रश्नचिन्ह म्हणजे कॉटलिनचा मोठा गुण होय. 'उत्तर नसले तर काय करणार?' याचा विचार केल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही.

आज्ञावली चालविली, ९ दिले, १७ मिळाले. विद्यार्थ्याला येथे आनंद होतो आणि तो व्हावाच. पण काम आता कुठे सुरू झाले आहे.

२ ते ६ असे का लिहिले, १ का वगळला? बेरजेच्या नियमाने १ च्या समोर १२ यावयास हवा. नकाशा पाहिला तर सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय सामावणारा सेक्टर १ ओळीत नसून शहराच्या माथ्यावर पसरलेला दिसतो. गणित बरोबर, पण शहर तसे नाही. मग १३ चे काय? ज्याने 'चंदीगडमध्ये सेक्टर १३ नाही' असा संदेश आज्ञावलीत कायमचा लिहून ठेवला असेल त्याचे ॲप आज खोटे बोलत असेल, कारण २०२० मध्ये मणिमाजराच्या भागाला सेक्टर १३ असे नाव देण्यात आले. तो भाग १२ आणि १४ यांच्या मध्ये नाही, शहराच्या पूर्वेकडे आहे.

याहून बोधप्रद चूक पुढे आहे. १३, २६, ३९ हा क्रम पाहून हुशार विद्यार्थी चौथ्या ओळीसाठी '५२ वजा क्रमांक' असे न विचारता लिहून टाकतो. आज्ञावली बिनतक्रार चालते आणि २२ च्या समोर ३० दाखविते. प्रत्यक्षात २२ मधून दक्षिण मार्ग ओलांडला की ३५ लागतो. ३० तर २० च्या पलीकडच्या बाजूस आहे. शहराच्या दुसऱ्या टप्प्यात क्रमांक नव्याने दिले गेले आणि तेथे नांगर वळला नाही : २० खाली ३३, २१ खाली ३४, २२ खाली ३५. येथे वजाबाकी नव्हे, १३ ची बेरीज करावी लागते. ही चूक कोणतीही भाषा पकडून देणार नाही. जावा, कॉटलिन, स्विफ्ट तिन्ही तितक्याच आज्ञाधारकपणे ३० सांगतील. भाषा बदलत राहणाऱ्या विद्यार्थ्याचा वेळ वाया जातो तो याच कारणाने : त्याची अडचण ज्या जागी असते तेथे भाषा पोहोचतच नाही.

आज्ञावलीचे ॲप करताना आणखी दोन गोष्टी समोर येतात. फोनच्या पडद्यावरील चौकटीत वापरणारा जे लिहितो ते मजकूर म्हणून येते, आकडा म्हणून नव्हे. मजकुराचा आकडा करण्याची 'टू इंट' ही कृती 'सतरा' असे अक्षरी लिहिल्यास किंवा चौकट रिकामी राहिल्यास ॲप बंद पाडते. तिच्याऐवजी 'टू इंट ऑर नल' वापरली तर निमूटपणे 'नल' मिळते आणि आपल्याला नम्र सूचना दाखविता येते. मराठी वाचकास एक सुखद गोष्ट सांगतो : अँड्रॉइडवर या दोन्ही कृती १७ हा आकडा देवनागरीत लिहिला तरी ओळखतात.

दुसरी गोष्ट खास मोबाइलची. फोन आडवा धरला की अँड्रॉइड सामान्यतः चालू पडदा मोडून नव्याने उभारतो आणि त्या पडद्यातील साध्या चलात ठेवलेले उत्तर पुसले जाते. संगणकावर आज्ञावल्या लिहून तरबेज झालेलेही येथे गोंधळतात. पडदा मोडला तरी टिकावे असे जे असेल ते वेगळे ठेवावे लागते. त्यासाठीची 'व्ह्यूमॉडेल' ही सोय पुढील धड्यात येईल.

तोवर वाचकाने वरील आज्ञावलीत २० ते २५ साठी एक ओळ घालावी, प्रत्येक ओळीचे पहिले व शेवटचे क्रमांक देऊन उत्तरे नकाशाशी ताडून पाहावीत, आणि मग ३३ ते ३८ या ओळीकडे वळावे. ३४ खाली ४४ आहे, ३५ खाली ४३, ३६ खाली ४२. येथे नांगर वळला आहे की नाही, आणि १३ पुन्हा डोकावतो का, हे आज्ञावलीला हात लावण्यापूर्वी कागदावर शोधावे.