टक्के, पण कशाचे?

पासिंगला चाळीस लागतात हे आपल्याला पाठ आहे. पण एखादा प्रदेश स्वतंत्र देश व्हायला किती टक्के मतं लागतात?

सगळ्यांना मान्य असा एकच आकडा नाही. क्वेबेकमध्ये १९९५ साली निम्म्याहून एक मत जास्त पुरणार होतं. "हो" म्हणणारे ४९.४२ टक्के निघाले आणि प्रांत कॅनडातच राहिला. फरक फक्त ५४ हजार मतांचा! मग २००० साली कॅनडाने कायदा केला की बहुमत 'स्पष्ट' हवं. पण स्पष्ट म्हणजे किती टक्के, ते त्यात लिहिलंच नाही.

मॉन्टेनेग्रोत २००६ साली युरोपियन युनियनच्या आग्रहाने अट आधीच ठरली : निम्म्याहून जास्त मतदान आणि त्यातली ५५ टक्के मतं बाजूने. मिळाली ५५.५! देश स्वतंत्र झाला.

खरी गोम मात्र छेदात आहे. स्कॉटलंडमध्ये १९७९ साली मतदान स्वातंत्र्यासाठी नव्हतं, स्वतःच्या विधिमंडळासाठी होतं. ५१.६ टक्के मतं बाजूने पडली. पण अट होती एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची, आणि तो हिशोब ३२.९ वरच थांबला. म्हणजे घरी बसलेला माणूस आपोआप "नाही"त मोजला गेला.

वरची अट म्हणजे आपला फॅक्टर ऑफ सेफ्टी. लोकमत आज इकडे, उद्या तिकडे. देश मात्र दर वर्षी जोडता-तोडता येत नाही. पण फॅक्टर फार वाढवला तर बहुमतच हरतं. म्हणून आकडा कोणताही असो, तो मतदानाआधी दोन्ही बाजूंनी मान्य केलेला हवा. कारण निकालानंतर हरलेल्यांनाही तिथेच राहायचं असतं.