क्रेझी लेग्ज : रस्त्यावरचा एक नर्तक

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या वर्गातील दोघा मुलांनी ब्रेकडान्स केला. एक डोक्यावर गरगर फिरला, दुसरा पाठीवर. टाळ्या-शिट्ट्यांनी मंडप दणाणला, परंतु कार्यक्रम संपल्यावर आमच्या एका सरांनी मला विचारले, "काय रे, हा नाच म्हणायचा की कसरत?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधू लागलो तेव्हा रिचर्ड कोलोन या माणसाची कहाणी हाती लागली. जग त्याला 'क्रेझी लेग्ज', म्हणजे 'वेडे पाय', या नावाने ओळखते.

त्याचा जन्म १ जानेवारी १९६६ चा. घराणे पोर्तो रिकोचे, वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. त्या काळचे ब्राँक्स म्हणजे मधोमध महामार्ग काढल्यामुळे उसवलेल्या वस्त्या, जळालेल्या इमारती आणि हाताला काम नसलेली तरुण पोरे. तेथेच ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या समारंभात रेकॉर्डी लावल्या. हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाणे थांबून नुसता ताल उरला, की पोरे नाचायला धावतात. तालाचा हा तुकडा म्हणजेच 'ब्रेक'. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन यंत्रांवर आलटून पालटून लावून तो हा तुकडा लांबवू लागला. त्यावर नाचणारे ते 'बी-बॉय'.

१९७७ साली जिमी डी आणि जोजो या दोघांनी 'रॉक स्टेडी क्रू' हा संघ काढला. रिचर्ड त्यात १९७९ मध्ये आला. पुढे तो मॅनहॅटनमध्ये राहावयास गेला, तेव्हा या नाचाची हौस ओसरू लागली होती. मोठी मुले दुसऱ्या नादांना लागली होती. हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा मात्र गल्लोगल्ली हिंडून नाचणारी मुले शोधत राहिला. केन स्विफ्ट, फ्रॉस्टी फ्रीझ असे गडी त्याला मिळाले आणि विझत आलेला संघ पुन्हा उभा राहिला. मला त्याच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कोलांट्या मारणारे पुष्कळ असतात. संघ जमवणारा एखादाच.

पाठीवर फिरता फिरता खांद्यावरून छातीवर, छातीवरून पुन्हा पाठीवर, पाय फाकलेले आणि फिरणे अखंड, अशी जी 'पवनचक्की' आमच्या मित्राने केली, तिला हे रूप देण्याचे श्रेय त्यालाच देतात. ती ओघात, चुकून साधली, असे तो सांगतो.

आता सरांचा प्रश्न. कसरतपटू पंचांसाठी उडी मारतो. बी-बॉय समोरच्याला उत्तर देतो. दोन संघ समोरासमोर येतात, एकाने केलेल्या चालीवर दुसऱ्याने तालातच कुरघोडी करायची आणि नेमक्या ठोक्यावर पुतळ्यासारखे थिजायचे. आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या फडाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. फक्त सवाल-जवाब शब्दांऐवजी अंगाने. ज्यांना ही भाषा कळत नव्हती, त्यांना ती मारामारी वाटली. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका भुयारी स्थानकावर पोलिसांनी काही मुलांना दंगेखोर समजून पकडले. आम्ही नाचत होतो, असे मुलांनी सांगितले आणि नाचून दाखवले. छायाचित्रकार मार्था कूपर तेथे पोचली. पुढे तिने आणि लेखिका सॅली बेन्स हिने या नाचाचा माग काढला आणि एप्रिल १९८१ मध्ये तो प्रथमच एका मोठ्या साप्ताहिकातून लोकांपुढे आला. त्याच उन्हाळ्यात लिंकन सेंटरच्या प्रांगणात रॉक स्टेडी आणि डायनॅमिक रॉकर्स यांची झुंज झाली. जेथे ऑपेरा आणि बॅले नांदतात, त्या वास्तूच्या दारात!

१९८३ च्या 'फ्लॅशडान्स' चित्रपटात या संघाचे रस्त्यावरचे नृत्य आहे. ते काही मिनिटांचेही नाही, पण त्यानेच देशोदेशीची पोरे पुठ्ठे अंथरून फिरू लागली. त्याच चित्रपटाच्या शेवटी नायिका परीक्षकांपुढे नाचते. तीत पाठीवर फिरणारे शरीर जेनिफर बील्सचे नव्हेच. केसांचा टोप घातलेला क्रेझी लेग्ज आहे. तिची इतर बरीचशी नृत्ये मरीन जहाँ या नर्तकीची. तिचे तर नावही श्रेयनामावलीत आले नव्हते. चेहरा एकाचा, घाम दुसऱ्याचा. हे वाचून मी तो प्रसंग पुन्हा पाहिला आणि नायिकेऐवजी मला तो पोरगाच दिसू लागला.

त्याच वर्षी संघ इंग्लंडच्या राणीपुढे नाचला. दोन-तीन वर्षांत लाट मात्र ओसरली. कंपन्यांनी आणि चित्रपटवाल्यांनी पाठ फिरवली. संघातील काही सोबती अकाली गेले. नव्वदीच्या दशकात क्रेझी लेग्जने संघाचा वार्षिक मेळावा सुरू केला, आणि निरनिराळ्या देशांचे नर्तक न्यूयॉर्कला येऊ लागले. १९९५ मध्ये त्याच्या सोबत्यांनी 'जॅम ऑन द ग्रूव्ह' हा प्रयोग रंगमंचावर आणला. २०१७ च्या चक्रीवादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त झाले, तेव्हा तो पिण्याच्या शुद्ध पाण्याच्या कामासाठी तेथे गेला.

२०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये हा नाच खेळ म्हणून घेतला गेला. जपानच्या आमीने आणि कॅनडाच्या फिल विझार्डने सुवर्णपदके मिळवली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या यादीत तो नाही. हे सरांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे तिकडेही माझाच प्रश्न पडला होता म्हणायचा!" मग त्यांनी विचारले, पवनचक्की करणारा आपला तो मुलगा कोणत्या वर्गात आहे आणि त्याचे नाव काय.