शिफारशीमागील हिशेब

जालना जिल्हा मोसंबीच्या बागांसाठी आणि बियाण्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापन केलेल्या ‘महिको’ने येथील बियाणे उद्योगास देशभर ओळख मिळवून दिली. पेरणीच्या तोंडावर कपाशीचे बियाणे मागणाऱ्या शेतकऱ्यासमोर येथील दुकानदार तुरीची पिशवीही ठेवतो. कपाशीत तुरीच्या ओळी घेण्याची रीत त्याला अनुभवाने ठाऊक असते. ऑनलाइन दुकानातील ‘हे घेणाऱ्यांनी हेही घेतले’ ही शिफारस म्हणजे याच व्यापारी जाणिवेचे यांत्रिक रूप होय. मात्र दुकानदार गिऱ्हाइकाला आणि त्याच्या शेतालाही ओळखतो. संगणकापुढे केवळ खरेदीच्या नोंदी असतात.

या नोंदींतून निष्कर्ष कसा निघतो? समजा, १०० ग्राहकांपैकी २० जणांनी मोसंबीच्या बागेसाठी ठिबक सिंचनाच्या नळ्या घेतल्या आणि एकूण १५ जणांनी पाण्याची गाळणी घेतली. दोन्ही वस्तूंचा परस्परसंबंध नसता, तर नळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे तिघांनीच गाळणी घेतली असती. प्रत्यक्षात ती १२ जणांनी घेतली असेल, तर हा योगायोग नव्हे. अशा वस्तूंची जोडी संगणक टिपून ठेवतो. ‘ॲमेझॉन’चे ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ व जेरेमी यॉर्क यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वस्तूशी वस्तू ताडून पाहण्याची ही पद्धत विशद केली आहे.

शिफारशींची यादी हा अशा रीतीने ग्राहकांच्या सवयींचा आरसा ठरतो. परंतु बरोबर घेतली जाणारी वस्तू बरोबरच असते, असे नाही. अनेकांनी चुकीचे कीटकनाशक घेतले, तर तेच पुढच्या ग्राहकास सुचविले जाते. त्यानेही ते घेतले की शिफारस अधिकच बळकट होते. जमिनीचा पोत, किडीचा प्रकार आणि पिकाची अवस्था यांची नोंद या हिशेबात नसते. शिवाय काही वस्तू जाहिरातीचे पैसे भरल्यामुळेही वर दिसतात.

ग्राहकाच्या रक्षणासाठी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अंमलात आहेत. वस्तूंचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो, हे अनेक विक्रेत्यांना एकत्र आणणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांनी सोप्या भाषेत सांगणे त्यांनुसार बंधनकारक आहे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीद्वारे गृहीत धरता येत नाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक उपलब्ध आहे.

कापड किंवा भांडे निवडताना झालेली चूक परत करून निस्तरता येते. हुकलेली फवारणी मात्र हंगाम घेऊन जाते. म्हणून शेतीची निविष्ठा घेण्यापूर्वी वेष्टनावरील पिकाचे व किडीचे नाव वाचावे आणि खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. इतरांनी काय घेतले, हे संगणक सांगू शकतो. आपल्या शेताला काय हवे, हे शेतकऱ्यानेच ठरवावयाचे आहे.