चष्म्याच्या चिठ्ठीतील अंक आणि अक्ष

पासबुकातील प्रत्येक नोंद बारकाईने तपासणारे ग्राहकही चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी न वाचताच दुकानदाराच्या हाती देतात. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर, म्हणजेच ॲस्टिग्मॅटिझम आहे, त्यांनी तरी या चिठ्ठीतील आकडे समजून घेणे हिताचे आहे. आकडे बदललेले पाहून काहीजण विनाकारण धास्तावतात, तर काहीजण खऱ्या धोक्याच्या सूचनेकडेही दुर्लक्ष करतात.

बुबुळावरील पारदर्शक आवरणास पारपटल म्हणतात. ते एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी वक्र असेल, तर प्रकाशकिरण एका बिंदूत एकवटत नाहीत आणि अक्षरांच्या काही रेषा ठळक, तर काही अंधूक दिसतात. कधी डोळ्यातील नैसर्गिक भिंगही यास कारणीभूत असते. थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील या दोषाचे वर्णन केले. पुढे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ मध्ये आपल्या डाव्या डोळ्यासाठी दंडगोलाकार भिंग करवून घेतले, आणि १८४६ मध्ये त्याच डोळ्यात झालेल्या बदलाची नोंदही विद्वानांपुढे मांडली. नंबर बदलणे ही काही आजची गोष्ट नव्हे.

चिठ्ठीत तीन रकाने असतात. ‘स्फिअर’ हा सर्व दिशांना लागू होणारा नंबर. ‘सिलिंडर’ हा एकाच दिशेचा जादा नंबर. तर ‘ॲक्सिस’ अर्थात अक्ष हा सिलिंडर कोणत्या कोनात बसवावा हे सांगतो. अक्ष १ ते १८० अंशांत मोजतात व १८० नंतर पुन्हा १ येतो. म्हणून १७५ व ५ यांत अंतर १७० अंशांचे नसून केवळ १० अंशांचे असते.

एकच व्यवहार बँकेच्या वहीत जमेस व खातेदाराच्या वहीत नावे दिसतो, तसाच एकच नंबर दोन रीतींनी लिहिता येतो. उणे १.००, सिलिंडर उणे २.००, अक्ष १८० आणि उणे ३.००, सिलिंडर अधिक २.००, अक्ष ९० ही भिंगे एकच आहेत. स्फिअरमध्ये सिलिंडर मिळवावा, सिलिंडरचे चिन्ह उलटावे व अक्ष ९० अंशांनी फिरवावा, की ताळा जुळतो. दोन चिठ्ठ्यांची तुलना करण्यापूर्वी हा ताळा अवश्य पाहावा.

अक्षातील बदलाचे महत्त्व सिलिंडरवर अवलंबून असते. सिलिंडर ०.५० असताना अक्ष १० अंशांनी चुकला तर उरणारा दोष सुमारे ०.१७ डायॉप्टर, म्हणजे नंबरच्या ०.२५ या नेहमीच्या टप्प्याहूनही कमी असतो. सिलिंडर ३.०० असेल, तर तेवढ्याच चुकीने सुमारे १ डायॉप्टर दोष शिल्लक राहतो. अशा वेळी नव्या चष्म्याने जमीन तिरकी भासली वा डोके जड झाले आणि काही दिवसांत सवय झाली नाही, तर भिंगाचा अक्ष दुकानातील यंत्रावर तपासून घ्यावा.

वयोमानानुसार, अनेक वर्षांच्या काळात, उणे सिलिंडरचा अक्ष १८० ऐवजी ९० च्या जवळ येणे स्वाभाविक आहे. परंतु किशोरवयात वा ऐन तारुण्यात सिलिंडर झपाट्याने वाढत असेल, विशेषतः डोळे चोळण्याची सवय असेल, तर पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा केरॅटोकोनस हा विकार नाही ना, याची खात्री टोपोग्राफी तपासणीने करून घ्यावी. क्रॉस-लिंकिंग उपचाराने त्याची वाढ बहुधा रोखता येते, पण झालेले नुकसान सहसा पूर्णपणे भरून निघत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. उतारवयात मोतीबिंदूमुळेही नंबर बदलतो. मधुमेहींमध्ये रक्तातील साखरेच्या चढउताराबरोबर नंबर हलतो. त्यांनी साखर स्थिरावल्यावरच नवा चष्मा करावा.

एका दिवसाच्या शिलकीवरून खात्याची स्थिती कळत नाही. त्यासाठी उतारा पाहावा लागतो. नंबरच्या जुन्या चिठ्ठ्या तारखेनुसार जपून ठेवाव्यात आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी नेत्रतज्ज्ञांपुढे ठेवाव्यात. आपल्या दृष्टीचा तोच खातेउतारा होय.