"माझ्या मशीनवर तर चालतं!"

मित्रांनो, प्रोजेक्टच्या व्हायवात सगळ्यात जास्त ऐकू येणारं हे वाक्य. मी मात्र ते भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, मालकांसमोर म्हणालो.

काम साधं होतं. शाफ्टचं माप टाकलं की ते टॉलरन्समध्ये बसतं का, हे पायथनचा प्रोग्रॅम सांगणार. व्हील फाईल बनवून पेनड्राइव्हवर नेली. इन्स्टॉल झाली, पण चालवताच 'फाईल सापडत नाही'! सेटअपटूल्स पायथनच्या कोडफाईली शोधून घेतं. माझा टॉलरन्सचा तक्ता सीएसव्हीत होता आणि तो घ्यायला मी सांगितलंच नव्हतं. होस्टेलवर हे कळलं नाही, कारण तिथे एडिटेबल इन्स्टॉल होतं. प्रोग्रॅम थेट माझ्याच फोल्डरमधून वाचत होता.

मग घाईत मॅनिफेस्ट फाईलमध्ये डेटा फोल्डरमधलं सगळंच घ्यायला लिहिलं. चाललं! दोन दिवसांनी मालकांचा फोन. तक्ता बदलायला त्यांनी फोल्डर उघडला होता. "अरे, यात चाकणच्या दुसऱ्या पार्टीचे रेट कसे?" माझ्या आधीच्या कामाचं एक्सेल तिथेच पडलं होतं. दोघांचीही माफी मागितली, पण बाहेर गेलेली माहिती परत येत नाही.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो.

१. 'सगळं घे आणि नको ते काढ' असं न करता, लागणाऱ्या फाईलींची नावं किंवा प्रकार लिहायचे. पासवर्ड, लॉग, ग्राहकाचा डेटा पॅकेजच्या फोल्डरमध्ये ठेवायचाच नाही.

२. व्हील म्हणजे झिपच असते. देण्याआधी आतली यादी काढून एकेक नाव वाचायचं.

३. नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून, वेगळ्या फोल्डरमधून चालवून बघायचं.

यादी वाचणं किती महत्त्वाचं, हे मार्च 2024 मध्ये जगाला कळलं. एक्सझेड युटिल्सच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा ठेवला होता. तो बिल्डमध्ये घुसवणारी स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, फक्त वाटलेल्या टारबॉलमध्ये होती! म्हणून पॅकेज मूळ कोडशी ताडून बघणंही आलंच.

आपल्या चाकण-भोसरीत पॅकिंग लिस्टशी माल जुळवल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. आपलं सॉफ्टवेअरही मालच आहे की!